खडकावरचा नवा गळा

त्या राज्यात स्वतःच्या कानांनी ऐकणं असभ्य मानलं जात असे. ऐकण्यासाठी प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक बेडूक बसवलेला होता.

माळाच्या मधोमध एक उंच खडक होता. त्यावर बसून म्हातारा तांबट पक्षी राज्याच्या बातम्या ठोक्यांत सांगत असे. टुक, टुक, टुक. दिवसभराच्या त्या टुकटुकीनं डोकी उठत, म्हणून बिळांतल्या प्राण्यांनी कानांत चिकणमाती भरून घेतली होती. अगदी शेजारी उभं राहून कुणी बोललं तर ऐकू येई; लांबचं काही नाही. लांबचं ऐकणं हे बेडकाचं काम. तो खडकाकडे तोंड करून आपल्या ओल्या खळग्यात बसे, शब्द कळला की "पोचलं" असं ओरडे आणि मागचा पाय बिळात लांबवून मालकाच्या पाठीवर बातमी थोपटून देई. माळावरच्या शेवटच्या बेडकानं "पोचलं" म्हटल्याशिवाय पुढचा शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक होता. शिवाय कुठलीही बातमी असो, तिची सुरुवात "राज्य सुखरूप" या शब्दांनीच करायची.

गेल्या उन्हाळ्यात पूर्वेकडून वणवा आला. तांबटानं "राज्य सुखरूप, पूर्वेकडून" इथपर्यंत सांगितलं आणि तो थांबला, कारण ओढ्याकाठचा एक बेडूक डुलकी काढत होता. तो जागा होईपर्यंत आगीनं सगळ्यात खालच्या बिळांपर्यंत मजल मारली. साळू नावाच्या साळिंदराच्या मादीची दोन पोरं होती. त्यातलं एक गेलं.

मग ओरड झाली. कारभारी माळढोक गळ्याची पिशवी फुगवून म्हणाला, "जनहो, आम्ही नवा गळा आणतो." आणि त्यानं आंब्याच्या राईतून एक तरुण दयाळ पक्षी आणवला. दयाळ एका श्वासात आगीची दिशा, वाऱ्याचा जोर आणि पळायची वाट गाऊन सांगू शकत असे. माळ थक्क झाला. तेवढ्यात मागून कुणीतरी घाबरून विचारलं, "आणि आमचे बेडूक?"

"एकही बेडूक बदलावा लागणार नाही," माळढोक म्हणाला.

त्या दिवशी जो जल्लोष झाला तो गाण्यासाठी नव्हता, या वाक्यासाठी होता. बेडूक बदलायचा म्हणजे नवा पाळायचा, त्याला नव्या खळग्याची सवय लावायची, त्याचं पायाचं थोपटणं नव्यानं समजून घ्यायचं. एवढा त्रास कोण घेणार? वणवा काय, वर्षातून एकदा येतो.

दयाळ मात्र खुळ्यासारखा खूश होता. आपल्या गळ्यामुळे यंदा कुणाचं पोर जळणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. पहिल्या सकाळी तो जीव ओतून गायला. माळावर शांतता. एकाही बेडकाचं "पोचलं" आलं नाही. ठोके ऐकत आयुष्य काढलेल्या बेडकांना "राज्य सुखरूप" तेवढं ओळखू आलं. पुढची सगळी लकेर त्यांच्या डोक्यावरून गेली.

दयाळानं कारभाऱ्याला सांगितलं, "बेडकांना गाणं शिकवू या. मी स्वतः दारोदार फिरतो."

"वेडा आहेस का? त्यांना काही करावं लागणार नाही, असं आम्ही कबूल केलंय."

"मग मी सावकाश गातो. ठोक्यांसारखं."

"म्हणजे जुन्यासारखं?" माळढोकाची पिशवी फुगली. "मग तुला आणलं कशाला, असं लोक विचारतील की! तू तुझ्या वेगानं गा. बेडकांचं आम्ही बघतो."

आणि त्यानं खरोखरच बघितलं. बेडकांना फर्मान गेलं की खडकावरचा आवाज थांबला रे थांबला, "पोचलं" म्हणायचं. समजलं की नाही, हा प्रश्न फर्मानात नव्हता. दुसऱ्या सकाळी दयाळाचं गाणं संपलं आणि सगळा माळ एका सुरात ओरडला, "पोचलं!" इतकं झटपट उत्तर त्या राज्याच्या इतिहासात आलं नव्हतं. माळढोकानं पिसं फुलवून नाच केला. तांबटाला हार घालून निरोप दिला गेला. बेडूक आता बातमी ऐकेनासेच झाले. मालकाच्या पाठीवर काहीतरी थोपटायला हवं म्हणून रोज येणारं तेवढं "राज्य सुखरूप" ते थोपटून टाकत. मालकही समाधानी होते. नवा गळा आल्यापासून बातम्या कशा छान येतात, असं ते एकमेकांना सांगत.

दयाळाला हे कळलं तेव्हा गवत वाळून सोनेरी झालं होतं. तो थेट साळूच्या बिळाशी उतरला. हिला तरी पटेल, असं त्याला वाटलं. हिचं तर पोर गेलं होतं.

साळू दारातल्या खळग्यात पाणी ओतत होती. बेडूक डोळे मिटून ते अंगावर घेत होता.

"साळूकाकू, तुमच्या बेडकाला माझं काही कळत नाही," दयाळ म्हणाला. "कानातली माती काढा. मी काय गातो ते तुम्हाला इथून स्वच्छ ऐकू येईल."

"अरे देवा! उघड्या कानांनी ऐकू? आम्ही काय उघड्यावर पडलोय?"

"मागच्या वर्षी काय झालं ते विसरलात?"

साळूचे काटे किंचित उभे राहिले. "ते तांबटामुळे झालं. सगळे तसंच म्हणतात. आमच्या बेडकाला नावं ठेवायची नाहीत हं, सांगून ठेवते. माझ्या सासऱ्यांनी बसवलाय तो."

"अहो, पण तो ऐकतच नाही!"

"रोज 'पोचलं' म्हणतो. मी या कानांनी ऐकते," साळू म्हणाली. मग तिनं कानातली माती बोटानं आणखी आत दाबली आणि खळग्यात उरलेलं पाणी ओतलं.

काही दिवसांनी भर दुपारी पूर्वेच्या कडेला धूर उठला. दयाळानं दंडक धाब्यावर बसवला. "राज्य सुखरूप" न म्हणता तो थेट गायला, "आग, आग, पूर्वेकडून, वारा खाली वाहतोय, ओढा ओलांडा!" त्याच्या गळ्यातून इतकं सुरेख आणि इतकं स्पष्ट कधी निघालं नव्हतं. तो श्वास घ्यायला थांबला, आणि माळ आनंदानं ओरडला, "पोचलं!" एकही प्राणी बाहेर आला नाही.

तो पुन्हा गायला. "पोचलं!"

त्यानं तांबटासारखे ठोके देऊन पाहिलं. टुक, टुक, टुक. "पोचलं!" आता ठोके ऐकायचीही कुणाला गरज उरली नव्हती.

मग तो खाली झेपावला आणि साळूच्या दारात आदळला. "काकू, आग! पोराला घ्या आणि पळा!"

साळू झोपेतून उठली. तिनं ऐकलं. नाक वर करून वासही घेतला. "जळकं येतंय खरं," ती म्हणाली. मग ती बेडकाकडे वळली. "काय रे, काही आहे का?"

बेडकानं खडकाकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं, म्हणजे बातमी संपली होती. त्यानं पाय आत लांबवून तिच्या पाठीवर थोपटलं.

"बघ, राज्य सुखरूप आहे," साळू म्हणाली. "लहान आहेस अजून. उगाच लोकांना घाबरवू नये."

"तुमच्या नाकाला वास येतोय ना! मग त्याला काय विचारता?"

"माझ्या बेडकाला कळव रीतसर. मग बघू." तिनं पोराला पोटाशी ओढलं आणि पाठ फिरवून काटे फुलवले. दयाळ त्या काट्यांवर दोनदा झेपावला. दोन्ही वेळा रक्ताळून मागे फेकला गेला. तिसऱ्यांदा झेपावायला धुरात दार दिसत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी माळ काळा होता. खडकावर दयाळ चोच मिटून बसला होता. माळढोक रात्र ओढ्यापलीकडे काढून परतला, त्यानं खाली पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तो म्हणाला, "वेळ झाली. सुरू कर."

दयाळानं तोंड उघडलं नाही. मग माळढोकानं नुसताच घसा खाकरला.

तो खाकरायचा थांबताच ओल्या खळग्यांतून बेडकांनी डोकी वर काढली. ते टवटवीत होते, त्यांच्या पाठी पाण्यानं चकाकत होत्या. सगळे एका सुरात ओरडले, "पोचलं!" आणि मागे वळून न बघता प्रत्येकानं आपला मागचा पाय बिळात लांबवला. साळूच्या दारातला बेडूक बराच वेळ थोपटत होता. थोपटण्यासरशी बिळातून राखेचा एकेक लोट बाहेर येत होता आणि त्याच्या ओल्या पाठीवर बसत होता.