दूध संघाच्या सर्व्हरची सोयरीक

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव बाबगोंडा. मामा दूध संघाचे अध्यक्ष, त्यामुळे भोळेपणा वाया गेला नाही. मामांनी त्याला संघाच्या संगणक विभागाचा प्रमुख करून टाकलं.

काम करायचे ते व्यवस्थापक कुलगुडे. त्यांचा सगळा जीव एका जुन्या सर्व्हरमध्ये अडकला होता. कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं, त्याला किती फॅट लागली, सगळ्या नोंदी त्या कपाटाएवढ्या यंत्रात. दुसरी प्रत नव्हती, कारण तिच्यासाठी काढलेली रक्कम अध्यक्षांच्या सत्काराच्या मांडवात गेली होती. यंत्र आता धापा टाकत होतं. ते बसण्याआधी नोंदी नव्या यंत्रावर गेल्या नाहीत, तर दूध घालणारे लोक कुलगुड्यांना उभे सोलणार होते.

नवा सर्व्हर युनिक्स नावाच्या संगणक प्रणालीवर चालणारा हवा होता. पुण्यात तीन कंपन्या ती विकत, प्रत्येकीची आपापली. कुणाची सरस, ते तुलना करून ठरवायचं होतं. जाणार कोण? विभागप्रमुख. कुलगुडे वैतागून म्हणाले, "मुलगी बघायला जातो तशी नीट चौकशी करून ये."

बाबगोंडा फेटा बांधून, मावशीला बरोबर घेऊन गेला. पहिल्या कंपनीचा माणूस सांगत होता की यंत्र चालू असतानाच त्यात नवी डिस्क बसवता येते. बाबगोंडानं विचारलं, पाठीवर भाऊ किती? परत येऊन त्यानं अहवाल दिला. रंग काळा, उंची खांद्याला, स्वभाव शांत, पोहे बरे होते.

कुलगुड्यांनी कपाळावर हात मारून घेतला. नुसतं बघून काय कळतं, म्हणाले. बंद पाडून बघायचं. आपोआप उठतं का, ते तपासायचं.

"तसं करतो, सायेब," बाबगोंडा म्हणाला. आणि तसंच केलं. दुसऱ्या कंपनीचा माणूस सांगत होता की एक यंत्र पडलं तर शेजारचं लगेच काम उचलतं. तेवढ्यात बाबगोंडा जिन्याखाली गेला आणि त्यानं अख्ख्या इमारतीचा मुख्य खटका खाली ओढला. कंपनीचे मोठे साहेब लिफ्टमध्ये अडकले. ते आपोआप उठतात का, हे बघत बाबगोंडा बराच वेळ दाराशी उभा राहिला. मग पहारेकऱ्यानं त्याला मावशीसकट बाहेर काढलं.

कुलगुड्यांनी त्याची हजेरी घेतली. लोकांच्या घरचं बंद पाडतोस? आधी घराणं विचार. आपल्या जुन्या यंत्राशी त्याचं जुळतं का, ते बघ.

"तसं करतो, सायेब." तिसऱ्या कंपनीत गेल्या गेल्या त्यानं घराणं विचारलं. तिथला माणूस खूश झाला. आमचं आणि तुमच्या जुन्याचं मूळ एकच, म्हणाला, तुमच्या नोंदी आहेत तशा इकडे येतील. बाबगोंडा ताडकन उठला. भावकीत सोयरीक होत नाही, असं ठणकावून पोह्यांना न शिवता निघून आला.

नेमकं हेच यंत्र कुलगुड्यांना हवं होतं. त्यांनी फोनवर माफी मागितली, सौदा स्वतः ठरवला आणि सह्या करायला पुण्याला निघाले. यंत्र उद्याच संघात पोचणार होतं. ते निघताना बाबगोंडा पुन्हा भावकीचं काढू लागला. कुलगुड्यांचं डोकं फिरलं.

"भावकीचं मी बघतो. तू फक्त सगळं कायद्यानं होतंय का ते बघ."

"तसं करतो, सायेब."

कुलगुडे परतले तेव्हा दाराला तोरण होतं. उंबऱ्यात माप ओलांडल्याचे तांदूळ सांडले होते. आत नवा सर्व्हर हळदीकुंकू लावून उभा, आणि शेजारी कंपनीचा इंजिनिअर घड्याळ बघत बसलेला. नोंदी घ्यायच्यात, जुनं यंत्र कुठाय, असं त्यानं विचारलं. जुन्याची जागा मोकळी होती. झाडून स्वच्छ केलेली.

कुलगुडे ओरडले, "बाबगोंडा, जुनं कुठाय?"

"भंगारवाल्याकडं दिली, सायेब. त्यानं हितंच घण घालून तुकडं केलं. पहिली घरात असताना दुसरी आणली तर कायद्यानं गुन्हा हाय. तुम्हीच म्हणालासा, कायद्याचं बघ."

कुलगुडे मटकन उंबऱ्यातल्या तांदळांवर बसले. बाहेर दुधाच्या किटल्या घेऊन माणसं यायला लागली होती. बाबगोंडाला साहेबांची दया आली. तो त्यांच्या शेजारी बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला,

"पहिलीसाठी जीव जाळू नका, सायेब. ही लई गुणाची हाय. इंजिनिअरला खोदून खोदून विचारलं मी. मागचं कुणाचं काय म्हणजे काय तिच्या पोटात न्हाई."