शंभर खाटा आणि एक विहीर

राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांना मत्सरानं सकाळपासून अन्न गोड लागेना. हगवणीच्या साथीवरच्या मसलतीला राजानं चक्क सगुणा सुईणीलाही बोलावलं होतं.

"महाराज, दवाखान्यात शंभर खाटा वाढवा," शास्त्री म्हणाले. मग सुईणीकडे वळून खोचकपणे बोलले, "माझ्या दारी या साथीत शंभर रोगी आले. तुझ्या दारी कुत्रं तरी फिरकतं का?"

"नाही, शास्त्रीबुवा," सगुणा म्हणाली. "आमच्या आळीत विहिरीवर कुणाला धुणं धुऊ देत नाही, म्हणून तिथं कुणी आजारीच पडत नाही. तुमच्या शंभरही रोग्यांच्या घरी जाऊन मी विचारलं. सगळे कासारआळीच्या एकाच विहिरीचं पाणी पितात, आणि तिच्या काठावरच धुणं धुतात. तुम्ही शंभर नाड्या पाहिल्यात, पण आजारी ती विहीर आहे. तिला खाट नको, उपसायला माणसं हवीत."

राजानं पहिला दोर शास्त्र्यांच्याच हाती दिला.