चेहरा बघून दिलेले माप

सकाळचे सव्वासहा. तालुक्याच्या गावातले कॉलेजचे मैदान. आठशे मीटरच्या धावेत सहाशेव्या मीटरवर एक शिष्या थांबली आणि दोन्ही हात बरगड्यांवर दाबून मातीत बसली.

तिचे नाव कार्तिकी. पोलीस भरतीची धाव बारा दिवसांवर आली होती. गेल्या वर्षी ती नऊ सेकंदांनी नापास झाली होती, आणि वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची होती. तिला शिकवणाऱ्या बाई एकाहत्तर वर्षांच्या. शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती, पण पहाटे मैदानावर येणे त्यांनी सोडले नव्हते.

"काय झालं गं?"

"दम पुरत नाही, बाई. आणि शूज पण गेलेत."

शूजबद्दल बोलता येत होते, म्हणून ती शूजबद्दल बोलली. खरे कारण टी-शर्टच्या आत होते. एकावर एक अशा दोन ब्रा आणि त्यांच्यावर मेडिकलमधून आणलेल्या क्रेप बँडेजचे चार वेढे. गेल्या वर्षी मैदानाच्या कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या पुरुषांनी तिच्या प्रत्येक फेरीला शिट्ट्या मारल्या होत्या. त्यांना कुणी हटकले नाही. तेव्हा यंदा अंगावरचे काहीही हलणार नाही, एवढा बंदोबस्त तिने स्वतःच केला. तो इतका पक्का झाला की श्वासालाही आत जागा राहिली नाही. घरच्यांनी गूळ-शेंगदाणे वाढवले, मैत्रिणींनी प्राणायाम सुचवला. बँडेजबद्दल तिला कुणी विचारले नाही आणि तिने कुणाला सांगितले नाही.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात टी-शर्टखालच्या सेफ्टी पिनेवर येऊन थांबला.

"संध्याकाळी पाचला बाजारात ये," त्या म्हणाल्या. "शूज घेऊ."

चपला-बुटांच्या दुकानाचा मालक बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याने दोन स्टुले पुढे केली.

"बसायचं नाही," बाई म्हणाल्या. "हिला पळायचे शूज दे. पायाकडे बघू नकोस. चेहरा बघ, नंबर ठरव आणि पेपरात गुंडाळून दे. रस्त्यात कुणाला दिसायला नको."

तो हसला. "बाई, सातवीत तुम्ही मला उन्हात उभं करायचात, त्याचा सूड घ्यायला मी आज असंच देईन हं."

"दे की."

"अहो बाई, असं काय करता?" कार्तिकीला राहवेना. "घालून बघितल्याशिवाय शूज कसे घ्यायचे? चालून बघायला नको? टाचेला लागले तर?"

"दुकानात चार माणसं आहेत. त्यांच्यासमोर पाय उघडा करायला लाज नाही वाटत तुला?"

"पायाची कसली लाज? मला पळायचंय त्या शूजनी!"

बाई काही न घेता दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. कार्तिकी चिडून त्यांच्या मागे आली. म्हातारपणाने यांचे डोके फिरले की काय, असेही तिच्या मनात येऊन गेले.

"आता सांग," बाई चालता चालता म्हणाल्या, "त्या पट्टीच्या आत घातलेलं कसं विकत आणलंस?"

कार्तिकीचा चेहरा उतरला. पण खोटे बोलण्यासारखे काही उरले नव्हते. काउंटरवरच्या माणसाने तिच्याकडे बघून "चौतीस ना?" असे विचारले होते. तिने मान हलवली होती. त्याने पुडके पेपरात गुंडाळले होते आणि ती अर्ध्या मिनिटात दुकानाबाहेर पडली होती. आठवीपासून चौतीसच आणत होती. आईचा नंबर चौतीस होता, म्हणून.

बाई थांबल्या.

"पाय तुझा आहे हे तुला ठाऊक आहे, म्हणून तू आत्ता माझ्याशी भांडलीस. छाती मात्र तू कुंपणाजवळच्या लोकांच्या हवाली केलीस. ती झाकायची कशी, एवढाच विचार केलास. तिलाही तुझ्याबरोबर आठशे मीटर जायचंय, पोरी. तिचं ओझं खांद्यावरच्या पट्ट्यांनी पेलायचं नसतं, बरगड्यांभोवतीच्या पट्ट्याने पेलायचं असतं. तो नीट बसला की वरून आवळावं लागत नाही. अंगाला बांधून ठेवणं वेगळं आणि आधार देणं वेगळं. आधार मिळाला की श्वास सुटतो. आता जा आणि मघाशी भांडलीस तशीच भांड."

पहिल्या दुकानात ट्रायल रूम नव्हती. दुसऱ्यात पाटी होती, 'घेतलेला माल परत होणार नाही'. तिसऱ्या दुकानात कार्तिकी काउंटरपाशी गेली आणि मैदानावर हजेरी देतात तेवढ्या आवाजात म्हणाली, "स्पोर्ट्स ब्रा दाखवा. आधी माप घेणार, मग घालून बघणार."

"हळू बोला ना ताई. गिऱ्हाईक आहे."

"मीही गिऱ्हाईकच आहे."

"घालून बघायला जागा नाही आपल्याकडे."

"गोडाऊन आहे ना मागे? तिथला दिवा लावा."

दुकानदाराने बाईंकडे पाहिले. बाई छताच्या पंख्याकडे बघत होत्या. शेवटी त्याने मागच्या खोलीची किल्ली काढून दिली.

बाईंनी पर्समधून टेप काढली. छातीखालचा घेर बत्तीस, वरचा छत्तीस, असे त्यांनी मोठ्याने सांगितले. दुकानदाराने दाराबाहेरून सांगितले, "म्हणजे बत्तीस डी. पण डी तर जाड बायकांचा असतो."

"तुम्ही डबे द्या," कार्तिकी आतून म्हणाली.

पहिली काखेत काचली. दुसरीचा पट्टा हात वर करताच पाठीवर चढला. तिसरीत श्वास अडला. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये ती प्रत्येक वेळी वीस उड्या मारत होती आणि बाहेर दुकानदार "अहो, माल पडेल!" म्हणून ओरडत होता. चौथी घालून तिने उड्या मारल्या, हात वर केले, पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहिली. मग पोटापासून एक श्वास घेतला. तो थेट खालपर्यंत गेला. किती महिन्यांनी, ते तिला आठवेना. क्रेप बँडेज तिने गुंडाळून पिशवीत टाकले. ते गुडघ्याला उपयोगी पडणार होते.

बारा दिवसांनी भरतीच्या मैदानावर शिट्ट्या याही वेळी वाजल्या. याही वेळी कुणी हटकले नाही. सहाशेव्या मीटरवर कार्तिकीने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि वेग वाढवला. जुन्याच शूजनी ती सहा सेकंद राखून पास झाली. बाईंनी घड्याळ बंद केले.

प्रशिक्षण केंद्रात रुजू होताना तिला साहित्याची छापील यादी मिळाली. बूट, मोजे, पट्टा, टोपी. पुरुषांच्या रकान्यात पुढे लिहिले होते, 'सपोर्टर, दोन नग', म्हणजे पळताना आतून आधार देणारे लंगोट. महिलांच्या रकान्यात त्याच ओळीत एक आडवी रेघ होती. तिने कारकुनाला विचारले. तो म्हणाला, "यादी वरून येते." तिने वर लेखी विचारले. त्याला आता सात महिने झाले. ती रेघ कुणी ओढली, हे अद्याप कुणीही सांगितलेले नाही.