महाराजांच्या गुडघ्याचा विमा

मकरद्वीपाच्या राजानं दवंडी पिटवली की राज्यात राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसानं पौर्णिमेच्या आत खाजगी विमा घ्यावा. राजवैद्याचा काढा यापुढे फक्त इथल्या प्रजेला मिळेल. ज्याच्याकडे विमा नाही, त्याला पहिल्या गलबतात बसवून मायदेशी धाडण्यात येईल.

बंदरावर सगुणाची खानावळ होती. ती मूळची रेवदंड्याची. नवरा भानू इथं गलबतं बांधायच्या कामावर सुतार म्हणून आला, त्याच्याबरोबर तीही आली. तिच्या पंगतीला देशोदेशीचे खलाशी, सुतार, विणकर बसत. दवंडी ऐकली तेव्हापासून कुणाच्या घशाखाली घास उतरेना. विमा घ्यायला कुणाची ना नव्हती. पण घ्यायचा कुणाकडून?

धक्क्यावर तीन विमेवाले होते. धनपालशेटचा रेशमी मांडव होता आणि तो येणाऱ्याला सरबत पाजून सांगायचा की गिऱ्हाईक म्हणजे आमचा राजा. हेमांगदशेट तेच सांगून वर एक छत्री फुकट द्यायचा. तिसरा तिम्मण्णा. तो चटईवर बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, त्यामुळे त्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नसे.

सगुणाच्या खानावळीतल्या एका विणकराचा हात मोडला, तेव्हा ज्याच्याकडून विमा घेतला होता त्या धनपालकडे तो गेला. धनपालनं कळवळून त्याची विचारपूस केली आणि सांगितलं की मोडलेलं हाड विमा घेण्याच्या आधीपासूनच तुमच्या अंगात होतं, म्हणजे हे दुखणं जुनं धरावं लागेल. हेमांगदच्या एका गिऱ्हाइकाला ताप आला. त्याला उत्तर मिळालं की ताप येणार असल्याचं आधी कळवायला हवं होतं. छत्री मात्र हेमांगदनं परत मागितली नाही.

सगुणानं तडक दरबारात जाऊन या दोघांची हकिकत सांगितली. विमा घ्यायचा हुकूम आहे तर खरा विमेवाला कोण, तेही महाराजांनीच सांगावं, अशी तिनं विनंती केली. राजा चंडकेतू हट्टी होता, आणि आपल्या हुकमावर कुणी शंका घेतलेली त्याला खपत नसे.

"तूच सांग," तो म्हणाला. "उद्या भर दरबारात दाखवून दे. पण त्यासाठी कुणी आजारी पडता कामा नये, की कुणाचं हाड मोडता कामा नये. जमलं नाही, तर तुझी सगळी पंगत गलबतावर."

संध्याकाळी भानूनं कपाळाला हात लावला. आजारी पडल्याशिवाय विमा खरा की खोटा हे कळणार कसं? पंगतीतल्या काहींनी तर गाठोडी बांधायला घेतली. सगुणानं मात्र सगळ्यांना पोटभर वाढलं.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. तिन्ही विमेवाले हजर होते. सगुणानं हात जोडून विचारलं की महाराज भाचीच्या लग्नाला समुद्रापलीकडे सुवर्णपूरला निघालेत, हे खरं का? राजा म्हणाला, खरं.

"मग तिथं महाराज परदेशी," सगुणा म्हणाली. "तिथल्या राजानंही विमा मागितला तर? या तिघांनी आत्ताच महाराजांचा विमा उतरवावा."

असा विचार राजाच्या मनात कधी आलाच नव्हता. तो सिंहासनावर जरा सावरून बसला आणि त्यानं धनपालला पुढं बोलावलं.

राजाचा उजवा गुडघा संधिवातानं धरला होता. हे अख्ख्या राज्याला ठाऊक होतं, पण त्याचं नाव कुणी काढत नसे. धनपालनं जमिनीला डोकं टेकवलं. महाराजांना एकही अट नाही, डोक्यापासून पायापर्यंत सगळ्याचा विमा, आणि गुडघा तर एखाद्या तरुणाला लाजवील असा, असं तो म्हणाला. हेमांगदनं त्याच्यावर कडी केली. त्यानं महाराजांच्या हत्तीचाही विमा उतरवला, आणि पुढं कधी येतील त्या शिंकासुद्धा आजच मान्य करून टाकल्या.

तिम्मण्णा मात्र राजाच्या पायाकडे बघत उभा होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"गुडघ्याचं दुखणं जुनं आहे," तो शेवटी म्हणाला. "त्याचं काही मिळणार नाही. ताप आला, घोड्यावरून पडलात, बोट लागली, तर सगळा खर्च देईन. वयामुळे हप्ता जरा जास्त पडेल."

राजाचा चेहरा लालबुंद झाला.

"कुणाशी बोलतोस, कळतंय का?"

"परदेशी माणसाशी, महाराज," तिम्मण्णा पुटपुटला.

तेवढ्यात सगुणा पुढं झाली. "महाराज, मी यांचाच विमा घेते."

"याचा? सगळ्यात कमी तर हाच देतोय!"

"जो तुमच्या तोंडावर नाही म्हणतो, महाराज, तो माझ्यासारखीला खोटं हो कशाला म्हणेल?"

राजानं गुडघ्यावर हात ठेवला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच चारचौघांत तो चोळला. चोळता चोळता त्याला हसू फुटलं. त्यानं गलबताचा हुकूम तिथल्या तिथं मागं घेतला आणि सगुणाला हवं ते मागायला सांगितलं.

सगुणा म्हणाली की मला वेगळं काही नको. "हे दोघे शेट धक्क्यावर सांगतात, गिऱ्हाईक म्हणजे आमचा राजा. राजाला दिला तसाच विमा त्यांनी आता सगळ्या गिऱ्हाइकांना द्यावा. एकही अट नाही, डोक्यापासून पायापर्यंत."

राजा इतका हसला की त्याचा मुकुट कलला. त्यानं तसा हुकूम सोडला, आणि विणकराचा हात आजच धनपालच्या खर्चानं बसवायला सांगितलं.

ते ऐकून धनपालशेट जागच्या जागी कोसळला. राजवैद्य धावत आला. नाडी बघता बघता त्यानं सवयीनं विचारलं की शेट, आपला स्वतःचा विमा कुणाकडे?

धनपालनं एक डोळा किलकिला केला आणि बोट तिम्मण्णाकडे दाखवलं.