गुलाबशहाची दलाली

"मग माझी बाटली मी पाठवायची नाही, तर कुणी पाठवायची?"

मंदाताई पिंगळे विचारत होत्या फकिराला, पण डोळे उपासनी साहेबांवर होते. साहेब तीन हात अंतरावर चटईवर बसले होते आणि मान फिरवून चिंचेकडे बघत होते.

दिंडोरीच्या पुढे टेकडीखाली गुलाबशहा फकिराचा तकिया, म्हणजे त्याची राहायची जागा, आहे. उपासनी साहेब त्याचे जुने शिष्य. दारूविक्रीचे नियम लिहिणं हे त्यांचं सरकारातलं काम, आणि त्या कामाचा त्यांना ताठा फार. मंदाताई द्राक्षं लावतात आणि त्यांची वाईन करतात. मी त्यांच्या शेजारच्या मळ्यातला. त्यांना गाडीवर घेऊन आलो होतो.

"साहेबांनाच सांग ना," फकीर म्हणाला.

"सांगितलं, बाबा. ते म्हणतात, योग्य मार्गाने या."

"बरोबर आहे," साहेब चिंचेलाच म्हणाले. "अर्ज खालच्या कार्यालयातून वर यायला हवा. असं परस्पर मी कुणाचं ऐकत नसतो."

काय हा माज. तीन हातांवर बाई बसलीय, आणि म्हणे अर्ज वर यायला हवा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मंदाताई फकिराकडे वळल्या. "बाबा, तुमचा शब्द ते मोडत नाहीत. तुम्ही एक शब्द टाका. माझ्या दारात येऊन कुणी बाटली घेतली तर चालतं. तोच माणूस लातूरला घरी गेला आणि आणखी दोन पाठवा म्हणाला, की मी गुन्हेगार. आधी ठोक व्यापाऱ्याचं गोदाम, मग दुकान, मग तो. दुकानदार म्हणतो गिऱ्हाईक मागत नाही. गिऱ्हाईक म्हणतं दुकानात मिळत नाही. टाक्या गळ्यापर्यंत भरल्यात. पुढच्या महिन्यात नवी द्राक्षं तोडणीला येतील. तोवर टाक्या रिकाम्या झाल्या नाहीत, तर गेल्या सालची सगळी वाईन ओढ्यात सोडायची. माझ्याच हाताने."



"म्हणजे मी दलाल व्हायचं," फकीर म्हणाला.

"तसं नाही, बाबा..."

"तसंच आहे. हरकत नाही. मी दारूला शिवत नाही, तिची चव मला ठाऊक नाही. पण दलालाला चवीशी काय करायचंय?"

तो उठला आणि दोघांच्या बरोबर मधे येऊन बसला.

"बोल. पण मला सांग. साहेबांना थेट नाही."

मंदाताई गोंधळल्या. तरी बोलल्या, "टाक्या रिकाम्या झाल्या नाहीत तर माझं वर्षभराचं काम ओढ्यात जाईल."

फकीर साहेबांकडे वळला. "बाई म्हणते, औंदा खप जरा कमी आहे."

"मी असं कधी म्हणाले?"

"वाटेत थोडं सांडतं," फकीर म्हणाला. "साहेब, तुमचं काय?"

साहेबांनी घसा साफ केला. "बाबा, बाटली घरपोच गेली आणि दार सोळा वर्षांच्या पोराने उघडलं तर? दुकानदार निदान तोंड बघून विकतो. कुरियरवाल्याला काय पडलंय?"

फकीर मंदाताईंकडे वळला. "साहेब म्हणतात, तू शाळकरी पोरांना दारू पाजतेस."

साहेब चटईवरून अर्धे उठलेच. "मी असं म्हणालो नाही."

मंदाताई लालबुंद झाल्या होत्या. "मला दोन मुली आहेत, साहेब. मला हे शिकवायला नको. वयाचा दाखला बघितल्याशिवाय बाटली कुणाच्या हातात द्यायचीच नाही, असा नियम लिहा की. तुम्हाला कुणी अडवलंय?"

"मला सांग," फकीर म्हणाला.

"आणि माणूस घरीच नसला तर?" साहेबांनी विचारलं. आता ते चिंचेकडे बघत नव्हते.

"मला विचारा, साहेब," फकीर म्हणाला.

"बाटली परत आणायची," मंदाताई म्हणाल्या. "शेजाऱ्याकडे ठेवायची नाही, वॉचमनकडे तर नाहीच."

"त्या हेलपाट्याचा भुर्दंड कोण भरणार?"

"मी भरते. ओढ्यात सोडण्यापेक्षा ते परवडलं."

"बाई म्हणते..." फकिराने सुरुवात केली.

"ऐकलं मी," साहेब म्हणाले आणि गुडघ्यांवर पुढे सरकले. "आणि समजा, एखाद्याने घरी पेट्याच्या पेट्या मागवल्या आणि गल्लीत विकायला बसला?"

"मग मर्यादा घाला. एका घराला महिन्यात किती, ते तुम्ही ठरवा. मी कुठे नको म्हणते? पण ती एकदा घाला, आणि मला पाठवू द्या."

"साहेब म्हणतात..."

"बाबा, जरा गप्प बसा हो. आम्ही बोलतोय ना."

...

इतक्या वर्षांत साहेबांनी गुरूसमोर कधी आवाज चढवला नव्हता.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मंदाताई समोर होत्या, त्यांचं बोलणं अर्ध्यावर होतं. ते तसंच सोडून साहेब फिरले आणि त्यांनी फकिराच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चुकलो, बाबा. तोंडातून गेलं. तुमच्याशिवाय आम्हाला कोण वाट दाखवणार..."

गप्प बसा म्हटल्यावर फकीर रागावला नव्हता. आता मात्र त्याचे डोळे तापले. त्याने पाय आखडून घेतले.

"पाय सोड," तो म्हणाला. "तिकडे द्राक्षं पिकतायत."