लाख फॉलोअर आणि एक हंडा

“माझे एक लाख फॉलोअर आणि हा एकच हंडा! माझ्या वाढदिवसाला यातला मसालेभात सगळ्यांना पुरला पाहिजे. एक जरी उपाशी परतला, तर चिमाक्का, तुझी चूल सुटली!”

फुलाजीराजे हट्टाला पेटले होते. झालं होतं एवढंच, की सकाळी ताट वाढताना चिमाक्का बोलून गेली, “महाराज, भात निवतोय. त्या फोनातल्या लाखातला एक तरी तुमच्या पंगतीला बसलाय का कधी?” राजांना ते भलतंच झोंबलं.

झोंबणारच! परगावाहून खास आणलेले प्रसिद्धीप्रधान हिरोजीराव रोज राजांची रील काढत. राजे हत्तीला केळं भरवताना, राजे मिशीला पीळ देताना, राजे नुसतेच चालताना, तेही संथ गतीत, मागे ढोलताशा! लाइकचे बदाम पडायचे भराभर आणि राजे दिवसभर ते बघत बसायचे.

लग्न होऊन आली तेव्हापासून वाड्यातला मुदपाकखाना हेच चिमाक्काचं जग होतं. पण ती घाबरून गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

“व्हय महाराज, जेवू घालते. पण एक अट हाय. आवतण तुमच्या खात्यावरूनच जायचं. कुणी कुणाच्या दारात जायचं न्हाई.”

“दारात कशाला जातील? हीच तर नवी रीत!” हिरोजीरावांनी टाळी वाजवली.

रील झकास झाली. राजे हसतायत, हात जोडतायत, वरून फुलं पडतायत, खाली लिहिलंय, ‘वाढदिवसाला जेवायला या!’ बदामांचा पाऊस पडला. ‘येतोच महाराज!’ म्हणून हजारोंनी लिहिलं. हिरोजीराव तर हवेतच होते.

वाढदिवस उजाडला. पानं मांडली, रांगोळ्या काढल्या, हंड्यातून वाफा निघू लागल्या. दुपार टळली, तरी वाड्याच्या दारात चिटपाखरू नाही! राजे रिकाम्या पंगतीत एकटेच बसले होते. फोन टुणटुण वाजत होता, पण राजांनी तो उचललासुद्धा नाही. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून चिमाक्कालाही वाईट वाटलं.

“चिमाक्का, माझी माणसं कुठं गेली गं?”

“घरी हायत की! महाराज, आपल्या मुलखात हातावर अक्षत पडल्याबिगर सख्खा भाऊसुद्धा पानावर बसत न्हाई. तुमच्या दारी समदे अक्षत घेऊन येतात, तुम्हाला कधी द्यायची येळच आली न्हाई. आन् हिरोजीराव पडले परगावचे!”

“अगं, पण ‘येतो’ म्हणाले होते ना सगळे?”

“तुम्ही बोटानं बोलावलंत, त्यांनी बोटानंच हजेरी लावली! आन् जो आलाच न्हाई, तो उपाशी परतंल कसा? सांगा महाराज, माझी चूल ऱ्हायली का गेली?”

राजांनी आधी डोळे वटारले. मग मिशी थरथरली, आणि ते असे खदखदून हसले की फेटा सुटून मांडीवर आला!

“राहिली! चिमाक्का, राहिली!”

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी चिमाक्काला दिलं. मग अक्षतांची वाटी मागवली आणि हिरोजीरावांच्या हातात ठेवली. “प्रधानजी, भात गरम आहे तोवर निघा. दारोदार जा, आणि पायीच जा. संथ गतीत नको!”