हौसा लोहारीण आणि बंदिशाळेची तीन दारं

एका राज्यात डोंगराच्या पोटात कोरलेली एक बंदिशाळा होती. तिथल्या कुलपांची निगा हौसा लोहारीण राखी. बापामागे हे काम तिच्याकडे आलं होतं. दर आठवड्याला ती तेलाची बुधली आणि मोराचं पीस घेऊन येई, एकेका कुलपात तेल सोडी, कान लावून आतली खटक ऐके.

बंदिशाळेच्या अगदी आतल्या, एकामागे एक तीन दारांपलीकडच्या कोठडीत धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. राणीची विहीर आटली, तेव्हा राजा मणिधराला वाटलं, यानंच मंत्रानं पाणी ओढलं. विचारपूस न करता त्याला कोंडलं. त्याला नऊ वर्षं झाली.

एके सकाळी धूम्रकेशानं आपल्या दारावर फुंकर घातली आणि म्हणाला, "नऊ वर्षं मी बोलतो आहे. माझं ऐकून घेईपर्यंत इथलं एकही दार उघडणार नाही."

त्याबरोबर साऱ्या किल्ल्या मेणासारख्या वितळल्या. भिंतींतून निळं धुकं झिरपू लागलं. ते ज्याच्या श्वासात गेलं, त्याला गुंगी आली, आणि त्या गुंगीत माणसं नावं विसरू लागली. आधी गावाचं, मग घरच्यांचं, शेवटी स्वतःचं.

त्याच दिवशी धर्माप्पा बुरुडाची शिक्षा संपत होती. बांधाच्या भांडणात त्याच्या हातून भाऊबंदाचा जीव गेला होता. बारा वर्षं त्यानं भोगली होती. त्याची लेक पुतळा चार दिवस चालून बापाला न्यायला आली. डोंगराच्या अंगाला असलेल्या झरोक्यातून तिनं हाक मारली, "बाबा!"

धर्माप्पानं वर पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कोणाच्या, बाई?"

पुतळा खाली बसली. हौसानं तिला पाणी दिलं.

राजानं सैनिक धाडले. घण दारावर आदळले आणि त्यांची कमळं झाली. मग राजानं हौसाला आज्ञा केली, "तीन दिवसांत दारं उघड."

हौसा दारापाशी आली. कमानीवर एक भारद्वाज बसला होता. तो म्हणाला, "हौसा, लोखंडी दाराचं कुलूप झोपलं आहे. पितळी दाराचं तहानलं आहे. दगडी दाराला कुलूपच नाही. ज्यानं ते लावलं, त्याच्या शब्दाची ते वाट पाहत आहे."

"तहान कोणत्या पाण्याची?"

"चोरीला गेलं म्हणतात, त्या पाण्याची." एवढं बोलून पक्षी उडून गेला.

लोखंडी कुलूप हौसाच्या बापानं घडवलं होतं. भाता ओढताना तो एक चाल गुणगुणे. हौसानं कुलपाशी तोंड नेऊन तीच चाल म्हटली. आत काहीतरी हललं, आणि जांभई द्यावी तसं कुलूप उघडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती दोर धरून राणीच्या विहिरीत उतरली. तळ कोरडा होता, पण कपारीआड पाणी वाहताना ऐकू येत होतं. तिनं माती खरवडली. आत दगडी पाट निघाला. राजाच्या नव्या कमळतळ्याकडे तो झरा वळवला होता, आणि पाटाच्या दगडावर राजमुद्रा होती. फटीतून झिरपणारं पाणी तिनं तांब्यात धरलं. पितळी कुलूप ते घटाघटा प्यायलं आणि उघडलं.

आत धुकं दाट होतं. दगडी दारापाशी पोचेपर्यंत हौसा हातातलं पीस कशासाठी असतं तेच विसरली. घाबरून ती मागे फिरली, आणि तिसऱ्या दिवशी राजापुढे उभी राहिली.

"महाराज, विहीर मंत्रानं आटली नाही. आपल्या कमळतळ्याच्या पाटानं आटली. दगडावर आपली मुद्रा आहे."

"हे कोणाला सांगितलंस?"

"पहिल्यांदा आपल्यालाच."

"तुझी जीभ छाटता येईल मला."

"येईल, महाराज. दार मात्र तसंच राहील."

राजानं कमळतळ्याकडे पाहिलं. मग धुक्यात विसरू नये म्हणून धूम्रकेशाचं नाव पुटपुटत अनवाणी निघाला. दगडी दारावर हात टेकून तो म्हणाला, "धूम्रकेश, तुझं न ऐकता मी तुला कोंडलं. दोष माझा होता."

अखंड दगडाला फट पडली आणि दार बाजूला सरलं. धूम्रकेश बाहेर आला. त्याचे पांढरे केस गुडघ्यांना लागत होते.

"आता बोल," राजा म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसला. धूम्रकेश बोलत राहिला. सूर्य कलला, तरी राजा उठला नाही.

धुकं विरलं. वितळलेल्या किल्ल्या पुन्हा घट्ट झाल्या आणि साऱ्या कोठड्यांची दारं उघडली. ज्याचं त्याला नाव आठवलं. झरा विहिरीकडे वळला. ऐकून घेतल्याशिवाय कोणाला कोंडायचं नाही, असा हुकूम निघाला.

ज्यांची शिक्षा उरली होती, त्यांची दारं हौसानं पुन्हा लावली. एकानं आतून विचारलं, "वेळ आली की उघडेल ना?"

"उघडेल," हौसा म्हणाली आणि कुलपात तेल सोडलं.

धर्माप्पा बाहेरच्या दारापर्यंत आला आणि थांबला. दार नुसतं लोटलेलं होतं. पलीकडून पुतळाचा आवाज येत होता. तरी तो हात बांधून उभाच राहिला, कोणीतरी उघडेल म्हणून. बारा वर्षांत त्यानं एकही दार आपल्या हातानं उघडलं नव्हतं.

हौसा पुढे झाली नाही. हळूच म्हणाली, "ढकला, बाबा."

धर्माप्पानं तळहात लोखंडावर ठेवला, आणि दार ढकललं.